पर्चेसमधल्या नवीन माणसासाठी: पार्टची ऑर्डर नेमकी कोणत्या दिवशी सोडायची

वसईतल्या पंपाच्या कारखान्यात दुपारी तीन वाजता असेंब्ली थांबते. कास्टिंग आहे, मोटार आहे, इम्पेलर बॅलन्सिंग होऊन आला आहे. शाफ्टवर बसणारी २५ एमएमची सर्क्लिप (भाग जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) मात्र डब्यात एकही नाही. हे निस्तरता येतं. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला माणूस पाठवला तर रात्रीपर्यंत पाकीट येतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन सुरू होते. पण सर्क्लिपच्या जागी पंपाची केसिंग (बाहेरचं ओतीव कवच) संपली असती, तर ती कोल्हापूरच्या फाउंड्रीत अजून ओतायचीच असती. मग मालकाने स्वतः फोन केला तरी तीन-चार आठवडे काही हललं नसतं.

नव्या बायरचा अर्धा दिवस "माल कधी देताय?" या फोनांत जातो. माल कधी निघणार हे व्हेंडरच्या हातात असतं. तुमच्या पूर्ण ताब्यातली तारीख एकच, ऑर्डर सोडायची. ती हुकली की नंतरचे सगळे फोन उशीर थोडा कमी करण्यासाठीच असतात. ही तारीख कशी काढायची आणि काढल्यावर ती कशाकशाने बिघडते, हे एकाच उदाहरणावर बघू: महिन्याला ३०० पंप, कामाचे दिवस २५, म्हणजे रोज १२ पंप.

आधी पार्टचे तीन ढीग करा

बीओएम (एका पंपाला लागणाऱ्या सगळ्या पार्टची यादी) समोर घ्या आणि प्रत्येक पार्टपुढे लिहा: हा आज संपला तर परत कुठून आणि किती दिवसांत येईल?

पहिला ढीग बाजारात तयार मिळणाऱ्या मालाचा. नटबोल्ट, सर्क्लिप, चालू साइजचे बेअरिंग आणि ओ-रिंग नागदेवीला. केबल, ग्लँड, लग, कॉन्टॅक्टर लोहार चाळीत. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग लॅमिंग्टन रोडला. स्टेनलेसचे पाइप आणि फिटिंग गुलालवाडीच्या बाजूला. स्टीलचे बार आणि प्लेट कळंबोलीच्या लोखंड बाजारात. इथे चुकलं तर एक दिवस जातो आणि चार पैसे जास्त पडतात.

दुसरा ढीग तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून घ्यायच्या पार्टचा: केसिंग, शाफ्ट, स्पेसर, ब्रॅकेट, डायवर कापलेलं गॅस्केट, नेमप्लेटसुद्धा. जगात हा पार्ट तुमच्यासाठी कुठेही तयार पडलेला नसतो.

तिसरा ढीग बोटीने येणाऱ्या मालाचा. आपल्या पंपात परदेशी मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी गळू न देणारा भाग) आहे असं धरू.

नवीन माणसाचं लक्ष साहजिकच महाग पार्टकडे जातं. मोटार महाग, म्हणून तिच्या मागे रोज फोन. पण स्टँडर्ड फ्रेमची मोटार या डीलरकडे नसली तर दुसऱ्याकडे असते. लाइन थांबवतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगातला स्वस्त पार्ट. पन्नास रुपयांचा स्पेसर आहे, त्याला काय लागतं, असं म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. आणि तो बनवणारा लेथवाला दुसऱ्या पार्टीच्या मोठ्या जॉबमध्ये अडकलेला असतो. म्हणून यादीवर लाल खूण करायची ती किमतीवरून करू नका, पर्यायी जागा नाही त्यावरून करा.

लीड टाइम व्हेंडरला विचारून मिळत नाही, मोजावा लागतो

व्हेंडर "चार आठवडे" म्हणाला की लगेच दोन प्रश्न विचारा: कधीपासून, आणि कुठपर्यंत? त्याचे चार आठवडे बहुधा ॲडव्हान्स खात्यात जमा झाल्यापासून सुरू होतात आणि माल त्याच्या गेटबाहेर पडला की संपतात. तुमचे दिवस मात्र गरज लक्षात आली तिथून सुरू होतात आणि पार्ट असेंब्लीच्या टेबलावर वापरण्याजोगा आला तिथे संपतात. हाच तुमचा लीड टाइम. केसिंगचे दिवस असे पडतात, सगळे कामाचे दिवस:

- इंडेंट (मालाच्या मागणीची चिठ्ठी), सही, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर): १
- फाउंड्रीत नंबर लागेपर्यंत: १०
- मोल्डिंग, ओतकाम, थंड होणं, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई): ४
- कोल्हापूरहून वसईला ट्रान्सपोर्ट: २
- जॉबवर्कवाल्याकडे मशीनिंग: ५
- इनवर्ड (माल आत घेणं), क्यूसी (तपासणी), प्रायमर: २

एकूण २४ दिवस. आठवड्यात सहा दिवस काम धरलं तर कॅलेंडरचे चार आठवडे पूर्ण. साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारीच असते असं धरू नका. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. तुमची रविवारी आणि त्याची शुक्रवारी असली की "शनिवारी सकाळी गाडी लावतो" या वाक्यात दोन दिवस विरघळतात.

हीच यादी पुन्हा बघा. केसिंग प्रत्यक्ष बनायला चार दिवस लागतात, रांगेत उभं राहायला दहा. वेळ वाचवायचा असेल तर तो या दहांतून वाचतो. फाउंड्रीला दर महिन्याला सुटी पीओ देण्याऐवजी तीन महिन्यांचा अंदाज आधी द्या, वर्षाची ओपन पीओ काढा आणि दर आठवड्याचं शेड्यूल पाठवा. त्याला आपली जागा राखून ठेवता येते. पुढच्या महिन्याचं शेड्यूल पक्कं, त्यानंतरचे दोन महिने अंदाजी, आणि अंदाज बदलला तर बनलेला माल किती उचलायचा, हे लेखी ठरवा. ते ठरलेलं नसेल तर कोणताही शहाणा फाउंड्रीवाला नुसत्या अंदाजावर मोल्ड भरणार नाही.

यादीतला पहिला "१ दिवस" सहसा खोटा निघतो. इंडेंट टेबलावर पडून राहतं, साहेब साइटवर गेलेले असतात, दोन रेटची तुलना करायची राहिलेली असते. मागच्या दहा इंडेंटांची तारीख आणि त्यांच्या पीओची तारीख शेजारी शेजारी लिहून काढा. फरक चार दिवसांचा निघाला तर लीड टाइममध्ये चार धरा आणि तो कागद साहेबांना दाखवा. ज्या पार्टचा रेट वर्षभरासाठी ठरलेला आहे त्याच्या पीओला दर वेळी सही लागू नये, एवढं करून घेतलं तरी तीन दिवस वाचतात.

रिऑर्डर लेव्हल

साठा ज्या आकड्यावर आला की ऑर्डर सोडायची, तो आकडा म्हणजे रिऑर्डर लेव्हल. सूत्र साधं आहे: रोजचा खप गुणिले लीड टाइमचे दिवस, अधिक सेफ्टी स्टॉक (उशीर झाला तर म्हणून ठेवलेला जादा साठा). केसिंग रोज १२ लागतात, २४ दिवस, म्हणजे २८८.

सेफ्टी स्टॉक अंदाजाने "दहा टक्के" असा लावू नका. मागच्या आठ ऑर्डरींना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते जीआरएनवरून (माल मिळाल्याच्या नोंदीवरून) काढा. समजा २२, २४, २३, ३१, २५, २४, २७, २४ असे आले. सगळ्यात वाईट ३१, म्हणजे हिशेबापेक्षा सात दिवस जास्त. रोज १२ प्रमाणे ८४. रिऑर्डर लेव्हल २८८ अधिक ८४, म्हणजे ३७२. त्या ३१ दिवसांचं कारण शोधा. पॅटर्न (मोल्ड पाडायचा नमुना) तुटला होता आणि आता नवीन बनवला असेल, तर तो आकडा सोडून २७ धरता येईल. पण ज्या पार्टला दुसरा व्हेंडरच नाही तिथे वाईटातला वाईट आकडा धरलेला बरा. पहिल्या ढिगातल्या पार्टला इतका साठा ठेवू नका. तिथे पैसे आणि जागा फुकट अडकतात, आणि मुंबईत गाळ्याची जागा स्वस्त नाही.

आता खरी मेख. ३७२ हा आकडा रॅकवरच्या नगांशी ताडायचा नसतो. ताडायचा असतो तो हातातला साठा, अधिक येऊ घातलेला, वजा आधीच कुणासाठी राखून ठेवलेला, याच्याशी. रॅकवर २५० आहेत, फाउंड्रीवर ३०० ची पीओ उघडी आहे, स्पेअरच्या ऑर्डरसाठी ६० राखले आहेत: २५० अधिक ३०० वजा ६०, म्हणजे ४९०. ३७२ पेक्षा वर आहे, आज ऑर्डर नको. नुसता रॅक बघणारा २५० पाहून घाबरतो आणि दुसऱ्यांदा ऑर्डर सोडतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. त्या ३०० पैकी २०० नग सहा महिन्यांपूर्वीच्या पीओचे आहेत. रेटवरून बिनसलं, व्हेंडरने ते कधीच सोडून दिले, पण पीओ सिस्टिममध्ये उघडीच आहे. खरा आकडा २९० आहे, ऑर्डर केव्हाच जायला हवी होती, आणि कॉम्प्युटर मात्र माल येतोय म्हणून सांगतो. अशा मेलेल्या पीओ दर महिन्याच्या शेवटी शोधा. तारीख उलटून तीस दिवस झालेली प्रत्येक ओळ काढा, व्हेंडरला फोन करा, येणार असेल तर नवी तारीख टाका, नसेल तर ओळ बंद करा. कामाला एक दुपार लागते.

किती मागवायचं

फाउंड्रीचं कास्टिंग मशीनवर चढलं की आतला ब्लोहोल (गॅसची पोकळी) दिसतो. शंभरात पाच असे निघत असतील आणि तुम्हाला ३०० चांगले हवे असतील, तर ३०० भागिले ०.९५, म्हणजे ३१६ मागवा. न मागवलेले सोळा नग शेवटच्या आठवड्यात कमी पडतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा तेच २४ दिवस थांबावं लागतं.

शाफ्टच्या बारचा हिशेब एकदा स्वतः हाताने करून बघा. तयार शाफ्ट २८० एमएम, आरीची कटिंग ३, दोन्ही तोंडांच्या फेसिंगला मिळून ४. एका नगाला २८७ एमएम लागतात. सहा मीटरच्या बारमध्ये २० नग बसतात आणि २६० एमएमचा तुकडा उरतो. ३०० शाफ्टला १५ बार. वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२: ३० एमएमच्या बारचं मीटरला साधारण ५.५५ किलो, एक बार ३३.३ किलो, पंधरा बार सुमारे ५०० किलो. इथवर सगळं बरोबर. पण बाजारात बार नेहमी पुऱ्या सहा मीटरचा मिळत नाही. साडेपाच मीटरचे आले तर एका बारमधून १९ नगच निघतात, पंधरा बारमधून २८५. पंधरा शाफ्ट कमी, आणि ते कळतं शेवटचा बार कापल्यावर. पीओवर कमीत कमी लांबी लिहा, गाडी आली की टेप लावून मोजा, आणि एखादा बार जास्तच घ्या. तो पुढच्या महिन्यात लागतोच.

नटबोल्टसाठी एवढा हिशेब करत बसू नका, दोन डबे लावा. एम८ बाय २५ चे बोल्ट पंपाला ८, रोज ९६. माल तीन दिवसांत येतो, म्हणजे २८८ लागतात. प्रत्येक डब्यात ४०० भरा. पुढचा डबा रिकामा झाला की त्यातलं कार्ड त्याच दिवशी पर्चेसकडे आलं पाहिजे. बिघडतं ते असं: घाईत कोणीतरी मागच्या डब्यातून मूठभर उचलतो आणि कार्ड तिथेच राहतं. मागच्या डब्याला टेप मारून ठेवा. टेप फाडणाऱ्याच्या हातात कार्ड येईल अशा जागी ते चिकटवा. बोल्ट वजनावर मोजत असाल तर काट्याला नमुना शंभर नगांचा द्या. दहा नगांच्या नमुन्यातली बारीक चूक चारशे नगांत चाळीसपट होते.

स्टोअरचा आकडा खरा आहे का

वरचा सगळा हिशेब साठ्याच्या आकड्यावर उभा आहे. तो चुकीचा असेल तर सूत्र काय करणार? वर्षातून एकदा मार्चअखेरीला मोजणं पुरत नाही. रोज सकाळी दहा पार्ट निवडा, स्टोअरवाल्याबरोबर उभं राहून मोजा, फरक असेल तर त्याच दिवशी कारण शोधा. दुसऱ्या ढिगातले पार्ट महिन्यातून एकदा तरी मोजणीत आले पाहिजेत.

इनवर्डच्या जागेकडेही रोज एक फेरी मारा. माल गेटच्या आत आलेला असतो, पण प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) सापडत नाही म्हणून क्यूसी झालेलं नसतं. जीआरएन नाही म्हणून सिस्टिममध्ये दिसत नाही, आणि पर्चेसवाला व्हेंडरला माल कुठे आहे म्हणून विचारत असतो. व्हेंडरचा यात काहीही दोष नसतो.

पीओ अशी लिहा की फोन करून विचारावं लागणार नाही

एक बेअरिंग घ्या. ६२०५: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ एमएम. पीओवर नुसतं "६२०५" लिहिलं तर दुकानदार उघडं बेअरिंग देईल, आणि त्याचं बरोबरच असेल. "६२०५ झेडझेड" म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड. "६२०५ २आरएस" म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. पुढे "सी३" असेल तर आतला क्लिअरन्स नेहमीपेक्षा जास्त. मापं सगळ्यांची तीच, शाफ्टवर बसतंही सगळं, म्हणून चूक इनवर्डला सुटते आणि पंप टेस्टिंगला गरम झाल्यावर किंवा ग्रीस बाहेर आल्यावर कळते. शिवाय रबर सीलची अक्षरं कंपनीनुसार बदलतात: एकाकडे २आरएस१, दुसऱ्याकडे डीडीयू, तिसऱ्याकडे एलएलयू. पार्ट मास्टरमध्ये पूर्ण नंबर एकदा नीट भरा आणि चालणाऱ्या कंपन्यांचे पर्यायी नंबर शेजारी लिहून ठेवा.

ड्रॉइंगच्या पार्टला ड्रॉइंग नंबरबरोबर रिव्हिजन हवीच. डिझाइनवाल्यांनी रिव्हिजन बदलली की उघड्या पीओंची यादी त्याच दिवशी काढा आणि व्हेंडरला नवीन ड्रॉइंग पाठवून जुनं रद्द केल्याचं लेखी कळवा. बनलेले नग किती, ते चालतील का, दुरुस्त होतील का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. नंतर विचारलं तर ते नग "आधीच बनलेले" असतात.

तारीख लिहिताना "तातडीने" किंवा "लवकरात लवकर" लिहू नका. या शब्दांना तारीख नसते. "आमच्या गेटवर १२ तारखेला १०० नग, १९ ला १००, २६ ला ११६" असं लिहा. पॅकिंग, टेस्ट सर्टिफिकेट, तपासणी कुठे होणार, ट्रान्सपोर्ट कोणाच्या खर्चाने, पैसे किती दिवसांत, हे सगळं त्याच कागदावर हवं. स्टीलवाला टेस्ट सर्टिफिकेट न देता माल सोडतो आणि क्यूसी तो अडकवून ठेवतं, असे दोन दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात.

पीओ मेल केली म्हणजे ऑर्डर गेली असं समजू नका. दोन दिवसांत व्हेंडरकडून तारखेसह होकार लेखी आला की मगच ती गेली. होकारातली तारीख तुमच्या तारखेपेक्षा नंतरची असेल तर भांडायची वेळ तीच. तेव्हा तुमच्याकडे अजून २२ दिवस असतात.

फॉलोअप: तारीख विचारू नका, टप्पा विचारा

"माल कधी?" या प्रश्नाला "उद्या निघतो" हे उत्तर तयार असतं. ते देणारा खोटारडा असतो असं नाही. त्याला खरंच तसं वाटत असतं, आणि प्लेटिंगवाल्याने आज त्याचा माल घेतलेलाच नाही हे त्यालाही संध्याकाळी कळतं. म्हणून प्रश्न असे विचारा की ज्यांना आकड्यातच उत्तर द्यावं लागेल. ब्रॅकेट असेल तर: पत्रा आला का, किती जाडीचा? लेझर कटिंगहून किती नग आले? बेंडिंग किती झालं? प्लेटिंगला कोणत्या चलनावर गेले? त्या चलनाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. ३१६ पैकी ८० नग बेंड झाले आणि रोजचे ३० होतात, एवढं कळलं की उरलेल्या २३६ ला आठ दिवस लागणार हे तुम्ही स्वतः काढू शकता.

चोवीस दिवसांच्या पार्टला चार फोन पुरतात: होकारासाठी दुसऱ्या दिवशी, कच्चा माल आणि रांगेतला नंबर विचारायला सहाव्या दिवशी, अर्ध्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी, आणि माल निघायच्या तीन दिवस आधी. रोज फोन करणाऱ्या बायरचा फोन लोक उचलेनासे होतात. गाडी लागली की एलआर नंबर (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) आणि ई-वे बिल (जीएसटीची मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) घ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ते एक लाख रुपयांवरच्या मालाला लागतं, दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला ५० हजारांवर. साध्या मालाला त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळते. ट्रान्सपोर्टरने माल गोदामात थांबवला तर ती संपते आणि गाडी रस्त्यात अडकते.

फोन करण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: त्याचे पैसे दिलेत का? अकाउंट्सकडून लेजर (त्याच्या खात्याचा उतारा) काढा. तीन बिलं थकलेली असताना तुमचा जॉब मशीनवरून उतरवून रोख देणाऱ्याचा चढवणं लहान वर्कशॉपला भागच असतं. त्याला कामगारांचा पगार सात तारखेला द्यायचा असतो. कायदाही हेच सांगतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा थकलेल्या रकमेची वजावट आयकरातही प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. आपल्या मालकाला हे पटवून देणं बायरचंच काम आहे. वेळेवर पैसे देणाऱ्या पार्टीचा माल वेळेवर निघतो; पर्चेसमध्ये यापेक्षा खात्रीचा उपाय आम्हाला माहीत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर

लीड टाइम सगळ्या महिन्यांत सारखा राहत नाही. गणपतीला कोकणातला कामगार गावी जातो, आणि त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असते. दिवाळीचा आठवडा बंद असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिशेब चुकतो तो त्यानंतर. मशीनिंग, पॉलिशिंग, प्लेटिंगच्या कामावर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले कामगार मोठ्या संख्येने असतात आणि लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी छठ असते. ते छठ करून, गाडीचं तिकीट मिळेल तसे परततात. म्हणून दिवाळीनंतर दोन आठवड्यांत लागणारा प्लेटिंगचा पार्ट दिवाळीआधीच स्टोअरमध्ये आलेला असू द्या. होळीलाही थोडं असंच होतं. जून ते सप्टेंबर घाटात आणि सखल रस्त्यांवर गाड्या अडकतात. बाहेरगावच्या पार्टला त्या महिन्यांत दोन-तीन दिवस वाढवून धरा, आणि मशीन केलेला लोखंडी माल तेल लावून, प्लास्टिकमध्ये बांधूनच मागवा. गंजून आलेला पार्ट वेळेवर येऊनही उपयोग नाही. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, तेव्हा "सकाळी अकराला ट्रक पोहोचेल" हे आश्वासन ट्रान्सपोर्टरकडून तपासून घ्या.

चिनी नववर्ष दर वर्षी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान येतं. कारखाने आठवडाभर आधीच रिकामे होऊ लागतात आणि पुन्हा पूर्ण वेगात यायला नंतर दोन-तीन आठवडे जातात. आपलं सील बनायला सहा आठवडे आणि बोट, न्हावा शेवा, कस्टम धरून चार आठवडे लागतात असं समजू. नववर्ष फेब्रुवारीच्या मध्यावर असेल आणि पीओ १ डिसेंबरला सोडली, तर माल जानेवारीच्या मध्याला निघून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हातात येतो. तीच पीओ १ जानेवारीला सोडली तर सुट्टीत सापडते आणि माल एप्रिलमध्ये येतो. एक महिन्याचा उशीर दोन महिन्यांचा होतो. कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) जहाज पोहोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं. म्हणून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची) प्रत जहाज निघाल्याबरोबर मागवून कस्टम एजंटला द्या. माल बंदरात आणि कागद कुरिअरमध्ये असला तर दंड आणि भाडं दोन्ही चढतं.

सोमवारची यादी

दर सोमवारी सकाळी पुढच्या दहा कामाच्या दिवसांचा प्लॅन घ्या. १२० पंप. बीओएम त्यावर टाका आणि प्रत्येक पार्टपुढे लिहा: किती लागणार, कोणत्या दिवशी लागणार, हातात किती, येणारे किती आणि कोणत्या तारखेला. येणाऱ्याची तारीख लागण्याच्या तारखेनंतर असेल ती ओळ शॉर्टेज. या यादीत पाच-सहा ओळींपेक्षा जास्त ओळी सतत निघत असतील तर लीड टाइमचे आकडे जुने झाले आहेत, ते परत मोजा.

शॉर्टेज दिसलं की त्याच दिवशी प्रॉडक्शनला सांगा. सोमवारी सांगितलं तर ते दुसरं मॉडेल आधी लावू शकतात; शुक्रवारी सांगितलं तर कामगार बसून राहतात. मग व्हेंडरकडे सगळा लॉट मागत बसू नका, "आज ३६ नग टेम्पोने दे, बाकीचे गुरुवारी" असं मागा; ३६ नग म्हणजे तीन दिवसांचं काम. पर्यायी पार्ट चालत असेल तर डिझाइनची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. परदेशी मालाला विमानाने आणायचं का, हे लाइन दिवसभर बंद राहिली तर काय जातं त्या आकड्याशी ताडून ठरवा. दुसरा व्हेंडर आठवायची वेळ ही नाही. त्याचा सॅम्पल आधीच पास झालेला हवा आणि दर महिन्याला थोडं काम, समजा शंभरातले वीस-तीस नग, त्याला जात असावं.

माल आला, क्यूसी झालं, की पार्टच्या पानावर दोन तारखा लिहा: गरज निघाली ती आणि पार्ट वापरायला मिळाला ती. केसिंगला या वेळी २६ दिवस लागले. आठ आकड्यांतला सगळ्यात जुना, २२, खोडा, २६ लिहा, आणि रिऑर्डर लेव्हल नव्याने काढून स्टोअरच्या कार्डावर बदला.